आजोबांचं नाक

“नाक चुकलं,” आत्या म्हणाली.

मधल्या भावानं पेन्सिल खाली ठेवली. हा चौथा रविवार होता आणि आजोबांचं हे सातवं नाक.

कुलपांच्या दुकानाला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. ज्यांनी ते काढलं, त्या आजोबांचं चित्र गल्ल्यामागे लावायचं ठरलं होतं. त्यांचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला होता. चौकट तेवढी शिल्लक होती. तिघा भावांपैकी कुणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांना पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, त्यांची मुलगी, म्हणजे आत्या. ती शहाऐंशी वर्षांची होती आणि दुकानावरच्या खोलीत एकटी राहायची.

दादा आणि धाकटा दुकान चालवत. मधला पाण्याचे मीटर वाचत गावभर फिरायचा आणि सुट्टीच्या दिवशी चित्रं काढायचा. तीन वर्षांत त्यानं एक किटली, दोन बूट आणि असंख्य वांगी काढली होती. सामान मात्र जय्यत होतं. कडक टोकाच्या फिक्या पेन्सिलींपासून मऊ, काळ्याकुट्ट पेन्सिलींपर्यंत सगळ्या ओळीनं लावलेल्या. कोळशाच्या कांड्या, टोक काढायला पॉलिशपेपर, छटा पसरवायला कागदाच्या घट्ट सुरळ्या. शिवाय मळता येणारं करडं रबर. वहिनीनं ते एकदा शिळ्या कणकेचा गोळा समजून केरात टाकलं होतं. “एवढ्या सामानात लोक घर रंगवतात,” असं दादा म्हणायचा. त्याच दादानं आता, “हे काम तुझंच,” म्हटल्यावर मधल्याला दोन रात्री झोप लागली नव्हती.

त्याला वाटलं होतं, आत्या सांगेल आणि आपण काढू. पण दर रविवारी आत्याच्या खोलीत दादा आणि धाकटा त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसायचे. दोघांचं वर्षभर बिनसलं होतं. दुकानात मधोमध भिंत घालायची, इथपर्यंत गोष्ट गेली होती. गवंडी येऊन मापंही घेऊन गेला होता. अडलं होतं ते एवढ्यावरच, की रस्त्याच्या तोंडाची बाजू कुणाची? आणि न बोलता दोघांनी ठरवूनच टाकलं होतं, की ज्याचं नाक आजोबांसारखं, त्याची.

“हे बघ, नाक सरळ. माझ्यासारखं,” दादा म्हणायचा.

“सरळ? आरशात बघतोस की नाही कधी?” धाकटा म्हणायचा. “आणि कान माझे आहेत, बाबाच सांगायचे.”

मग आवाज चढायचे. मधला खोडायचा, काढायचा, पुन्हा खोडायचा. शेवटी आत्या चित्राचा बोर्ड मांडीवर घ्यायची, मान खाली घालून बराच वेळ बसायची आणि सांगायची, “नाक चुकलं.” किंवा, “कान हे नव्हेत.”

आज सातव्या नाकावरून धाकटा, “आत्या, नीट बघ की!” म्हणाला. दादा त्याच्यावर खेकसला. त्या झटापटीत कुणाचातरी कोपर मधल्याच्या हाताला लागला आणि कोळशाचा काळा फराटा आजोबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरला.

मधल्याचं डोकंच फिरलं. गरीब माणूस, आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलला नव्हता. त्यानं कांडी आडवी धरून अख्खा कागद काळा करून टाकला, वर तळहातानं खसाखसा पुसला. “घ्या! हे तुमचे आजोबा!” म्हणाला.

दोघे बघत राहिले. त्या काळ्यात त्याच्या बोटांनी कुठंतरी गालाचं हाड उमटलं होतं. मधल्यालाही ते दिसलं. त्यानं रबर मळून टोकदार केलं आणि अंधारातून उजेड उचलायला सुरुवात केली. आधी कपाळ. मग भुवईखालचा डोळा. नाकाची एकच कड त्यानं उजळली. बाकीचं नाक सावलीतच ठेवलं. त्याला कुणी काही सांगत नव्हतं आणि तो कुणाला विचारत नव्हता.

त्यानं हात थांबवला, तेव्हा कागदावरून एक म्हातारा तिघांकडे रोखून बघत होता. तो कुणासारखाच नव्हता. दादानं पसरलेले पाय आवरले. धाकट्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

“हाच,” आत्या म्हणाली. तिनं बोर्ड मागितलासुद्धा नाही. “हेच माझे बाबा.”

दादानं चित्राला वाकून नमस्कार केला. धाकट्यानंही केला. मग घसा खाकरून तो म्हणाला, “दादा, गल्ल्यामागे नको. अंधार असतो तिथं. मधोमध लावू या.”

“मधोमध तर भिंत येणार ना?” दादानं विचारलं.

“मग भिंतच नको,” धाकटा म्हणाला.

दोघे चौकटीचं माप घ्यायला खाली गेले. मधल्यानं कोळसा झडू नये म्हणून चित्रावर फवारा मारला, खिडकी उघडली आणि काळे हात पुसत आत्याजवळ येऊन बसला. त्याला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

“आत्या, खरंच अगदी असेच दिसायचे?”

“मला काय ठाऊक?” आत्या म्हणाली. “दीड वर्ष झालं, मला नुसतं धुकं दिसतंय. या खोलीतलं सगळं हाताला पाठ आहे, म्हणून निभतंय. कुणाला सांगू नकोस हं, धरून ऑपरेशनला नेतील.”

मधल्यानं वळून चित्राकडे पाहिलं. “मग ‘हाच’ कशावरून म्हणालीस?”

“खोलीत एकदम सगळे गप्प झालात ना,” आत्या म्हणाली. “बाबा घरात आले, की अस्संच व्हायचं.”