कोमुगीची पाठवणी

संपादक कुसाकाने दारातच कमरेत वाकून नमस्कार केला आणि खोका पुढे केला. सुमिएने तो हातात घेऊन त्याचं वजन जोखलं. सहज भेटायला येणारा संपादक बिस्किटं आणतो. विटेसारखी जड योकानची मिठाई, तीही जुन्या नावाजलेल्या दुकानातली, आणतात ती माफी मागायची असली की.

"या आत. काय बिघडलंय?"

"बिघडलंय कुठे, सुमिएबाई! चांगली बातमी आहे."

तिचा विश्वास बसला नाही. 'वादळबेटाचे पहारेकरी' ही चित्रकथांची मालिका देशभरातली पोरं तहानभूक विसरून वाचत, आणि त्याच बेटावर घडणारी मुलांची कादंबरी लिहायचं काम सुमिएकडे आलं होतं. काम कसलं, दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणं ते. खिळा ठोकायचा नाही, जाताना भिंती होत्या तशा सोडायच्या. नायकाने रडायचं नाही. नवं पात्र आणलंच, तर शेवटी त्याचा निकाल लावून टाकायचा.

सुमिएने आणलं होतं. कोमुगी. होडी वल्हवणारी, तोंडाळ, एवढीशी पोर. अंगावर आलेल्या ड्रॅगनला "आधी पाय धू, मग होडीत चढ" असं सुनावणारी. तिला शेवटच्या प्रकरणात बुडवा, असा निरोप मूळ चित्रकाराच्या कचेरीतून आला. सुमिएने बुडवली नाही. मग धुक्यात विरघळवा म्हणाले. तेही तिने केलं नाही. या एका पोरीपायी ती अख्खा हिवाळा भांडत बसली होती.

"सेन्सेईंनी स्वतः वाचलं," कुसाका म्हणाला. सुमिए त्याच्या लेखी बाई होती. सेन्सेई हा मान त्याने मूळ चित्रकारासाठी राखून ठेवला होता. "कोमुगी त्यांना भलतीच आवडली. हिला मारायचं नाही म्हणाले."

सुमिएने सुरी आणली. खोका उघडला, योकानचा चांगला जाडजूड तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला. वर चहाही ओतला.

"मी म्हणत नव्हते? पोरगी गुणाची आहे!"

"म्हणून तर थेट मूळ मालिकेत घेतायत तिला. लाखो मुलं बघतील, बाई."

"आणि माझ्या पुस्तकात?"

कुसाकाने चहाचा पेला उगाच फिरवला. "तिथे नको. मुलांना ती पहिल्यांदा मालिकेतच भेटायला हवी ना. कादंबरीतून तेवढी काढून टाकू. होडी नायक वल्हवेल. नाहीतर एखादं माकड घाला. मुलांना माकड आवडतं."

"माकड."

"करारात आहेच ते. बेटावर जन्मलेलं प्रत्येक पात्र त्यांचं."

"जन्मलेलं? आणि बाळंतपण कुणी केलं?"

कुसाकाचं कपाळ जवळजवळ टेबलाला टेकलं. माणूस वाईट नव्हता, आणि याचाच तिला जास्त संताप आला. वाईट असता तर चार शब्द सुनावून, खोका त्याच्या हातात परत कोंबून त्याला वाटेला लावता आलं असतं. हा नुसता वाकत होता. वाकणाऱ्याशी भांडायचं कसं?

ती उठून मोरीपाशी गेली आणि सुरी घासू लागली. सुरी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती घासतच राहिली. पाण्यातून वाचवलं, धुक्यातून वाचवलं. पण कुणाला आवडली म्हणून नेत असतील, तर त्यातून पोरीला वाचवायचं कसं, हे तिला सुचेना.

"तिचं बोलणं कोण लिहिणार?"

"त्यांची माणसं आहेत. मुरलेली आहेत. तुम्ही काळजी करू नका."

"फटकळ आहे ती. उगाच गोडगोड बोलायला लावू नका म्हणावं."

"कळवतो."

नळ वाहत होता. सुमिएने तो बंद केला, पण वळली नाही.

"नाव तरी कोमुगीच राहील ना?"

मागे पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"नवं नाव फार गोड आहे, बाई," कुसाका म्हणाला.