झाकलेला रकाना

येलदरीहून नकार आला तेव्हा शिवानी भाकरीचं पीठ मळत होती. फोन आप्पांनी घेतला. "बरं, बरं," एवढंच दोनदा म्हणाले आणि मोबाइल कोनाड्यात ठेवून दिला.

"काय म्हणाले?"

"जमायलं न्हाई म्हणले. जाऊ दे, बाई. नशिबात नसंल आपल्या."

हा तिसरा नकार. आधीच्या दोघांचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. एकाला तर तिनंच मनातल्या मनात नापास केलं होतं. पण मन्मथ तिला आवडला होता. येलदरीच्या वीजकेंद्रावर इंजिनियर, बोलता बोलता मध्येच हसणारा. चारदा फोन झाले होते, चौथा चांगला तासभर. तिला रडू आलं, ते तिनं आप्पांकडं पाठ करून आवरलं आणि भाकरी थापायला घेतली.

आप्पा जेवायला बसले. आई गेल्यापासून त्यांचं सगळं शिवानीच्याच हातचं होतं, सकाळी लिंगपूजेचं पाणी आणि बेल मांडण्यापासून गरम भाकरीपर्यंत.

"तुझ्यासारखी भाकर कुणाला जमायची न्हाई," ते म्हणाले आणि आणखी एक मागून घेतली.

परभणीच्या ज्या वधूवर मंडळातून ही स्थळं यायची, त्याची वेबसाइट शिवानीनंच केली होती. समाजाचं काम, म्हणजे फुकट. मंडळाच्या जुन्या वहीत प्रत्येक नावापुढं शेऱ्याचा रकाना असे. ओळखीतल्या कुणी त्या मुलाबद्दल, मुलीबद्दल काही सांगितलं की ते तिथं लिहायचं, सांगणाऱ्याच्या नावासकट. वही मंडळाबाहेर जात नसे. आप्पांनी तेव्हाच बजावलं होतं, "शेरा कुणाला दिसू देऊ नको. उगं भांडणं लागतेत."

तिनं तसं केलं. सर्व्हरवरून माणसाची सगळी नोंद पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये यायची, आणि तिथली स्क्रिप्ट शेरा तेवढा झाकून बाकीचं दाखवायची. खरं तर सर्व्हरवरच गाळायला हवा होता, पण फुकटच्या कामात कोण एवढा जीव ओततो. खऱ्या नोंदी मंडळाच्या लोकांनीच वहीवरून भरल्या.

जेवणं झाल्यावर राहवेना म्हणून तिनं मन्मथला फोन लावला.

"माझं काय चुकलं, एवढंच सांगा."

"चुकलं न्हाई. पण तुमी स्वतः सांगितलं असतं तर मी घरच्यांना समजावलं असतं. लपवायला नको होतं."

"काय लपवलं मी?"

"साइट तुमीच केलीय ना? तुमच्या पानाचा सोर्स उघडून बघा." आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं लॅपटॉपवर आपल्या नावाचं पान काढलं, सोर्स उघडला. पानावर न दिसणारं सगळं इथं उघडंच पडलं होतं, एकाच लांबलचक ओळीत. नाव, शिक्षण, उंची. आणि स्क्रीनच्या पार उजव्या कडेला: "शेरा: मुलीला फिट येते. गोळ्या चालू आहेत."

दोन वर्षांची असताना तापात एकदा तिला झटका आला होता. त्यानंतर कधी नाही, आणि गोळी तर कधीच नाही. ही गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. तेव्हा घरात आई, आप्पा आणि चन्नबसम्मा काकू, एवढीच माणसं होती.

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"चन्नबसम्मा," ते म्हणाले. "वाटणीपासून डोक्यात राग हाय तिच्या."

काकूची जीभ अख्ख्या ताडकळस गावाला माहीत होती. शिवानीनं तिथल्या तिथं फोन लावला.

"काकू, मी तुमचं काय वाकडं केलं होतं? मला फिट येते म्हणून मंडळात का सांगितलंत?"

काकूनं उलट विचारलं, "तुझा आप्पा जवळ हाय का?"

"समोरच बसलेत."

"मग माझंच नाव घे, पोरी. मला सवय हाय."

ही कबुलीच झाली. जिनं अंगाखांद्यावर खेळवलं तिनंच केसानं गळा कापला होता, आणि वरून पश्चात्तापाचा एक शब्दही नाही.

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. "ते बंद कर आन् चहा ठेव. मी हाय की तुला."

"ठेवते," ती म्हणाली. फक्त उद्या मंडळासमोर पुरावा म्हणून ओळ पुरती उतरवून घ्यायची होती. तिनं पान उजवीकडं सरकवलं.

"शेरा देणार: रेवणप्पा. नाते: वडील."