अंगाऱ्याची पुडी

कापसाच्या भावासाठी रस्ता अडवला म्हणून पद्मजाचा नवरा यवतमाळच्या जेलात होता. सोमवारी तिनं त्याला पत्र लिहिलं, आत महादेवाच्या अंगाऱ्याची पुडी ठेवली, भाताच्या शितानं पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. घरी येताच नणंद म्हणाली, “वहिनी, जेलात पत्रं फोडून पाह्यतात. पुडी दिसली त विष म्हणतील, दादावर दुसरी केस लावतील.” पद्मजा आल्या पावली पेटीकडे धावली. पोस्टमन गफ्फारभाई येईस्तोवर ती पेटीजवळ जप करत उभी राहिली. तिनं त्याला सगळं सांगितलं. “पेटीत पडलं की सरकारचं झालं, भाभी,” म्हणत त्यानं पेटी उघडून पाकीट पुढं केलं. “काढा लवकर. मी तिकडं पाह्यतो.” शीत ओलंच होतं. पुडी निघाली, पाकीट पिशवीत गेलं. मुठीतली पुडी तिनं कपाळाला टेकवली. नवऱ्याकडे निघालेल्या देवाला तिनंच वाटेतून परत बोलावलं होतं.