सुजलेलं बोट

साखरपुड्याची अंगठी नचिकेत सानिकाच्या बोटात सरकवू लागला, ती पेरावरच अडली. काल हारासाठी गुलाब तोडताना तिला काटा रुतला होता. आज बोट लाल, गरम आणि टम्म.

“अपशकुन!” नचिकेतची आत्या कडाडली. “मी म्हणते, अजून विचार करा!” सानिकाचे डोळे भरले.

मी नचिकेतचा चुलत आजोबा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शिवाय मला ठाऊक होतं ते सगळं पुस्तकातलं, चुकलो तर? तरी उठलो.

“अपशकुन कसला? काट्याबरोबर जंतू आत शिरलेत. त्यांना गिळायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्यात. आपलं कोण, परकं कोण हे त्यांना शिकवावं लागत नाही, उपजतच कळतं. त्या गर्दीनं बोट सुजलंय. पोरीचं शरीर राखण करतंय, एवढंच.”

“अण्णाकाका, तुम्ही बोललात?” आत्या थक्कच झाली. “मग घाल रे बाबा दुसऱ्या हातात!”

नचिकेतनं दुसरा हात धरला. सानिका माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “आजोबा, तुमच्या त्या पेशींना सांगून ठेवा, हा आपलाच माणूस आहे.”