तपकिरी बाटली

दारालगतच्या खाटेवरची बाळंतीण मागच्या जिन्याची चौकशी करू लागली, तेव्हाच मावशींच्या मनात पाल चुकचुकली.

बाळंतिणींच्या वॉर्डात मावशींची बावीस वर्षं गेली होती. दोन खाटांच्या या खोलीत दारावालीच्या उशाशी एक तपकिरी बाटली होती. ते औषध कोणत्या बाळांना देतात, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे.

"कशाचं हो ते औषध?" खिडकीवालीनं सकाळी हळूच विचारलं होतं. चांगल्या घरची, गोड बोलणारी बाई. नुकतीच डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून सही करून आली होती.

"एचआयव्हीचं. आईला असतो, म्हणून बाळाला थेंब," मावशी कुजबुजल्या. "अशांना घरात कोण उभं करतं? मूल टाकून पळतात मेल्या. नाहीतर जन्मभर तोंड लपवायचं!"

खिडकीवालीचा चेहरा उतरला. किती हळवी आहे बिचारी, असं मावशींना वाटलं.

दुपारी खिडकीवालीला घरी सोडलं. घरचे संध्याकाळी न्यायला येणार होते, पण तिला दम निघेना. तिनं रिक्षाच बोलावली.

"बाळाला मी घेते," मावशी म्हणाल्या.

"नको, आत्ताच झोपलंय." तिनं शालीतलं गाठोडं छातीशी घट्ट धरलं. "तुम्ही बॅग घ्या."

मावशींनी बॅग उचलली. त्यांचा सगळा जीव दारावालीत अडकला होता. ती खाली मान घालून आपली पिशवी भरत होती.

रिक्षा गेली. मावशी धापा टाकत वर आल्या, तर दाराजवळची खाट रिकामी! त्या तशाच मागच्या जिन्याकडे धावल्या. तिसऱ्याच पायरीवर त्यांनी तिचा दंड धरला.

"कुठं टाकायला निघालीस गं लेकराला?"

"सासूबाई पुढच्या दारानं येतायत, मावशी. बाळ अनाथाश्रमात देऊन एकटी घरी चल म्हणतात. मी आईकडे चाललेय." कडेवरचं बाळ सावरत तिनं पिशवी उघडली. लोकरीचं टोपडं, दुपटी आणि जपून गुंडाळलेली तपकिरी बाटली. "टाकायचं असतं, तर औषध कशाला घेतलं असतं?"

मावशींचं तोंड एवढंसं झालं. स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

"सावकाश उतर," त्या म्हणाल्या. "पायऱ्या ओल्या आहेत."

ती दिसेनाशी होईपर्यंत मावशी तिथंच उभ्या राहिल्या. मग रिकाम्या खोलीतल्या चादरी काढायला वळल्या.

खोलीतून रडण्याचा आवाज येत होता.

खिडकीजवळच्या खाटेवर उशी नव्हती. पाळण्यावरची मच्छरदाणी मात्र नीट खोचलेली होती. मावशींनी ती उचलली. आत बाळ भुकेनं मूठ चोखत होतं, आणि त्याच्या उशाशी तसलीच तपकिरी बाटली होती, सील न फोडलेली.