बोटभर अंतर

छोट्या पाणबुडीला समोर दोन खिडक्या होत्या; डावीकडे चालक, उजवीकडे मत्स्यशास्त्रज्ञ बाई. खोल काळोखात बाईंनी लाल दिवा लावून घेतला.

"इथल्या माशांना लाल दिसत नाही. फक्त माशांचा एक गट सोडून. त्यातल्या जाती ओळखण्यात माझा जन्म गेला. दोन्ही डोळ्यांखाली लाल दिवे घेऊनच तो मासा शिकारीला निघतो."

"म्हणजे आपण त्याला दिसतोय?" चालकाने विचारलं.

"दिसू दे की! वीतभर तर मासा. दोन दिव्यांत जेमतेम बोटभर अंतर."

"बाई, माझ्या खिडकीत एक लाल दिवा आलाय."

"अहो, माझ्याही!" बाई हरखल्या. "एका बाजूने एकच दिसतो. म्हणजे दोन मासे आलेत."

चालक बघत होता. दोन्ही खिडक्यांतले दिवे एकदमच मिटले, आणि एकदमच उघडले.