चव

फिजीच्या डोंगरउतारावर नवं घर मिळालं आणि तेबोराने मागच्या परड्यात बागेसाठी पहिला खड्डा घेतला. किरिबातीतल्या तिच्या बेटावर कंबरभर खणलं की पाणी लागायचं, आणि त्या पाण्यातच बाबाईचा, म्हणजे मोठ्या अळूचा, कंद लावायचा. इथे ती छातीपर्यंत आत गेली तरी माती काही संपेना.

"मावशी, विहीर खणताय की पाताळात निघालात?" शेजारची सेरुवाया कुंपणावरून हसली. "वरच लावा की! आमच्याकडे पाणी आभाळातून येतं."

"पाणी कोण शोधतंय?" तेबोराने तळाची चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मग आणखी वीतभर खणून पुन्हा चाखली.

"अगोबाई, माती खाताय?"

"समुद्र आमच्याकडे खालूनच आला गं. आधी माती खारट झाली, मग पानं पिवळी पडली, मग आम्ही निघालो."

तिने खड्ड्याच्या भिंतीला तळहात लावला. बेटावर तिच्या घरच्या तीन पिढ्यांनी पाला कुजवून, टोपली टोपली करून जेवढी माती घडवली, तेवढी इथे तिच्या दोन हातांच्या मध्ये नुसती पडून होती.

"ही खाली कुठवर आहे?"

"कुणाला ठाऊक! आम्ही कुणी तळ पाहिलाच नाही."

देवळात उभं राहावं तशी तेबोरा त्या मातीत बराच वेळ उभी राहिली. मग तिने घरात सुनेला हाक मारली, "राकेरा, बेटावरून आणलेला बादलीतला कंद आण गं. आणि ती गाठोडी सोड आता, तीन महिने बांधलेलीच आहेत."